राजनंदिनीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

महाड,
मार्गशीर्षातली एक दुपार.

तीर्थस्वरूप अनुपमाताईस,

साष्टांग नमस्कार घालायला जमिनीवर आडवा झालो तर परत उठेन याची खात्री नाही, म्हणून खुर्चीत बसूनच हात जोडतो आहे. मोठ्या मनाने तो साष्टांगच धर. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? दाजींची साखर आटोक्यात आहे ना? देवापुढच्या खडीसाखरेला अजून मुंग्या लागतात का, आणि त्या मुंग्या अजून दाजींच्याच मिशीत सापडतात का? आमच्याकडे कालिंदीची सकाळची शाळा चालू आहे, बाजारात वालाच्या शेंगा आल्या आहेत, सावित्रीवर असं धुकं असतं की ऊन वर येईपर्यंत पलीकडचा काठ दिसत नाही, माझी झोप चालू आहे, आणि मैथिली माझ्याशी बोलत नाही.

शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळं क्षेम आहे, आणि हे पत्र त्या शेवटच्या गोष्टीसाठीच आहे. तू म्हणशील, मग फोन का नाही केलास? ताई, फोनवर तू मला बोलू देतेस का? मी ‘हॅलो’ म्हटलं की तू ‘जेवलास का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हटलं की ‘काय जेवलास’ विचारतेस, आणि आमटीवरून भाजीवर येईपर्यंत पलीकडून दाजी ओरडतात की चार्जिंग संपतंय. शिवाय ह्या घरात फोनवर बोललेलं सगळं कालिंदीला ऐकू जातं. फळ्याकडे तोंड करून शेवटच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते ओळखणारी बाई आहे ती. म्हणून कागद काढला.

आधी माझ्या झोपेचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. औद्योगिक वसाहतीत उभा जन्म शिफ्टमध्ये काढला. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. अंगाला असं वळण लागलं की झोप कधी घ्यायची हे ते मला विचारतच नाही. मी निवृत्त झालो, कंपनीची बस दारावरून न थांबता जाऊ लागली, पण झोप अजून शिफ्टवर आहे. ती रिक्षात येते, न्हाव्याकडे गालाला साबण लावलेला असताना येते, आणि परवा एका साखरपुड्यात तर मुलीच्या मामाच्या खांद्यावर आली (मामा भले गृहस्थ, पेढे वाटेपर्यंत हलले नाहीत). मी तिच्याशी भांडणं सोडून दिलंय. खरं सांगू, गोड असते गं ती. दुपारी जेवणं झालेली असतात, खिडकीत पेरूची सावली हलत असते, मोरीत भांडी घासल्याचा आवाज हळूहळू लांब जातो, आणि मला कुणीतरी होडीत बसवून काठ सोडून द्यावा तसा मी निघतो.

आणि नेमकी त्याच वेळेला राजनंदिनी येते.

तू ती मालिका बघत नाहीस (तुझ्याकडे त्या वेळी दुसऱ्या चॅनेलवर प्रवचन असतं), म्हणून थोडक्यात सांगतो. इन्स्पेक्टर राजनंदिनी ही गुन्हेगारांचा कर्दनकाळ आहे. दाराला बेल असते हे तिच्या गावीच नाही. ती दार लाथेनेच उघडते. मागच्या आठवड्यात तर दार उघडंच होतं, तरी तिने ते आधी लोटून घेतलं असावं असा मला संशय आहे. तिचा अंबाडा सुटत नाही, पापणी लवत नाही, आणि ती कधी जेवताना दिसत नाही. समोर चहाचा कप येतो, वाफ निघत असते, तेवढ्यात फोन वाजतो आणि ती टोपी चढवून निघून जाते. कप तसाच राहतो. मला त्या कपाचं फार वाईट वाटतं. ही मालिका का बघता, असं कालिंदीने एकदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, टाइमपास. खरं असं आहे की मैथिली पीएसआय होऊन तिकडे चंद्रपूरकडे गेली तेव्हापासून तिचा रोजचा फोन एवढाच असतो: जेवले, ड्यूटी होती, ठेवते. त्या ‘ड्यूटी होती’च्या आत काय काय असतं ते ती सांगत नाही. आईला थोडं सांगते, मला नाही, कारण मी घाबरतो. (घाबरतोच. ती सायकल शिकत होती तेव्हा मी घरात डोळे मिटून बसलो होतो, तुलाही माहीत आहे.) म्हणून ती रिकामी जागा भरून काढायला मी राजनंदिनीकडे जातो.

आता अडचण अशी की भाग अर्धा झाला की मला झोप लागते आणि उरलेला भाग स्वप्नात चालू राहतो. मध्ये सांधा म्हणून दिसत नाही. टीव्हीवर ती मुंबईच्या कुठल्याशा गोदीत असते, स्वप्नात ती आपल्याकडे येते. तिची जीप सावित्रीच्या पुलावरून जराही आवाज न करता येते आणि पुलावरची माणसं नुसती बाजूला होतात, पाण्यासारखी. एकदा ती रायगडाच्या रोपवेच्या पाळण्यातून वर चालली होती आणि गुन्हेगार दुसऱ्या पाळण्यातून खाली हिरकणीवाडीला उतरत होता. मधोमध ढगात दोन्ही पाळणे समोरासमोर आले, दोघांनी ओळखीच्या माणसांसारखी मान हलवली, आणि ते आपापल्या दिशेने निघून गेले. इतकं शांत वाटलं मला. ती मला नावाने ओळखते. ‘उतेकर, पाणी आहे का?’ असं विचारते. मी तांब्या आणायला आत जातो तर स्वयंपाकघर संपतच नाही. चालत चालत मी थेट आपल्या वाडीवरच्या खाचरांत पोचतो, भातं कापून झालेली असतात, सगळीकडे पिवळं ऊन पसरलेलं, बांधावर आई बसलेली असते, आणि तांब्या काही केल्या सापडत नाही. ह्यामुळे झालं असं की कालिंदीची मालिका वेगळी आणि माझी मालिका वेगळी. खून कुणी केला ह्यावरून आमची चांगलीच जुंपली. ती म्हणते बिल्डरने केला, मी म्हणतो न्हाव्याने. मालिकेत न्हावी नाहीच, असं तिचं म्हणणं आहे.

इथवर सगळं निभावून जात होतं. पण मी मैथिलीला मार्गदर्शन करायला लागलो. एकटी गोदामात शिरू नकोस, म्हटलं (राजनंदिनी दर आठवड्याला शिरते आणि दर आठवड्याला तिच्यामागे शटर पडतं). मैथिली म्हणाली, बाबा, इथे गोदाम नाही, मी सकाळपासून एका म्हशीच्या भांडणाचे जबाब लिहून घेतेय. मी विचारलं, म्हैस गुन्हेगाराची की फिर्यादीची? ती म्हणाली, तेच तर भांडण आहे, आणि हसली. ताई, त्या हसण्यावर मी चार दिवस जगलो.

मग तो शुक्रवार आला. राजनंदिनीला गोळी लागली. भाग तिथेच थांबला, तिच्या चेहऱ्यावर, आणि शनिवार-रविवार मालिका नसते. बाईला रक्ताच्या थारोळ्यात टाकून चॅनेलवाले दोन दिवस सुट्टीवर जातात, ह्याला काय म्हणावं? मी त्याच धक्क्यात झोपलो. स्वप्नात ती तशीच पडलेली होती, टोपी घरंगळत बाजूला गेली आणि खाली चेहरा मैथिलीचा निघाला. शाळेतला, दोन वेण्या वर बांधलेला. मी उठलो, चपला घातल्या आणि पोलादपूरची एसटी पकडली. तेव्हा मी जागा होतो असं शपथेवर सांगणार नाही. खिडकीतून डोंगर जात होते, बाजूचा माणूस शेंगा सोलत होता, आणि मला एवढंच कळत होतं की वाडीवरच्या देवीच्या, काळकाईच्या, पायाशी जायचं आहे. पुढे सहाआसनी रिक्षा मिळाली, उमरठच्या वाटेला आपल्या फाट्याशी उतरलो आणि दिवेलागणीला देवळात पोचलो.

तू हल्ली अभिषेक ऑनलाइन पाठवतेस, म्हणून आठवण करून देतो. आपल्याकडे गाऱ्हाणं मनातल्या मनात घालून चालत नाही. गुरवाने ते मोठ्याने, घराचं नाव घेऊन, चारचौघांदेखत घालायचं, आणि मागे उभे असतील त्यांनी ‘होय’ म्हणायचं. आपला सुनील गुरव समईला तेल घालत होता. मी त्याला म्हटलं, पोलिसातल्या पोरीसाठी गाऱ्हाणं घाल, गोळी लागली आहे, वाचू दे. त्याचा हात थांबला. त्याने विचारलं, नाव काय घेऊ? आता देवीसमोर राजनंदिनी म्हणायची मला लाज वाटली. आणि मैथिलीचं नाव गोळीच्या शेजारी मी कसं उच्चारणार, तूच सांग. मी म्हटलं, नाव कशाला, आईला ठाऊक आहे. माझा विचार साधा होता, की राजनंदिनी वाचली म्हणजे त्या खाकीतल्या सगळ्याच वाचल्या. सुनीलने घसा खाकरला आणि जे काही गाऱ्हाणं घातलं, ते पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेलं असेल. अवधूत उतेकराच्या घरची लेक, सरकारी चाकरीत, परमुलखात, अंगात गोळी, आई तू धाव. मागे तुळसावहिनी आणि वाडीतल्या आणखी बायका देऊळ सारवायला आल्या होत्या. त्यांनी रडत रडत ‘होय’ म्हटलं. मला वाटलं, किती मायाळू बायका आहेत, मालिकेत किती जीव गुंतवतात. नारळ घेतला आणि घरी येऊन गाढ झोपलो.

शनिवारी कालिंदी शाळेत गेलेली असताना वाडी आमच्या दारात उतरली. तुळसावहिनी सगळ्यांत पुढे, हातात पेजेचा डबा आणि काखेत जिवंत कोंबडी (अशक्तपणाला सूप चांगलं म्हणून). सगळे गोल करून बसले. मग वहिनी म्हणाल्या, ‘लय वाईट झाला हो भावोजी. आता कशी हाय ती?’ मी म्हटलं, अजून बेशुद्ध आहे, पण निभावेल असं वाटतं. ‘तुमी गेलाव नाय?’ म्हटलं, मी जाऊन काय करणार, सोमवारी कळेलच. ‘सोमवारी का?’ म्हटलं, शनिवार-रविवार काही दाखवत नाहीत. त्यावर वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ‘पोटच्या पोरीला बी बघू देत नायत, कसला हो ह्यो सरकार.’ पोटच्या पोरीचं ऐकून मला जरा विचित्र वाटलं, पण माझे डोळे आधीच जड झाले होते आणि माणसं इतक्या मऊ आवाजात बोलत होती की मी त्यांच्या मधोमध बसल्या बसल्या पेंगलो. त्याचाही अर्थ त्यांनी दुःखाने शुद्ध हरपली असा लावला. कालिंदी शाळेतून आली तेव्हा एकजण मला कांदा हुंगवत होता आणि कोंबडी सोफ्याखाली होती. तिने पर्स खाली ठेवली, सगळ्यांकडे पाहिलं आणि मला एकच विचारलं, गोळी कुणाला लागली? मी म्हटलं, राजनंदिनीला.

कालिंदीने सगळ्यांना चहा केला, पोहे केले, कोंबडी परत दिली. वहिनी जाताना म्हणाल्या, पोरगी धड हाय ना, मंग रागवायचा नाय. पण तोवर खबर वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर पोचली होती, आणि मंडळाच्या सेक्रेटरीने चंद्रपूरकडच्या त्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधून, आमची लेक जखमी असताना घरच्यांपासून लपवता का, असा जाब विचारला होता. ठाण्याच्या साहेबांनी मैथिलीला बोलावून घेतलं. सगळ्या स्टाफसमोर विचारलं, मॅडम, तुम्हाला गोळी लागली आहे का? तिने सॅल्यूट मारून ‘नाही सर’ सांगितलं. मग गोळी मालिकेतल्या बाईला लागल्याचं तिलाच सगळ्यांना सांगावं लागलं, आणि तेव्हापासून तिकडे तिला राजनंदिनी म्हणतात. एवढ्या मेहनतीने स्वतःच्या नावाची पट्टी छातीवर लावली पोरीने, आणि मी ती एका दुपारच्या झोपेत बदलून टाकली. ती आईला म्हणाली, बाबा ती मालिका बंद करेपर्यंत मी त्यांच्याशी बोलणार नाही. आणि बोलत नाही. मी फोन केला की वाजून वाजून बंद होतो. (सुनील गुरवाला म्हटलं, झालं ते झालं, गाऱ्हाणं मागे घे. तो म्हणतो, घातलेला मागे घेता येत नाय, आनि टीव्हीतली बाय हाय म्हनून देवीला सांगायची माझी छाती नाय.)

तर ताई, मैथिली पुढच्या आठवड्यात कसल्याशा कोर्ससाठी नाशिकला अकादमीत येणार आहे आणि रविवारी तुझ्याकडे जेवायला येईल, असं कालिंदीकडून कळलं. तुझं ती ऐकते. तिला पोटभर जेवू घाल आणि मग सांग, की बाबाने मालिका सोडली, कायमची सोडली, आणि तो दुपारी आता शब्दकोडं सोडवतो. एक फोन कर म्हणावं. ‘जेवले, ड्यूटी होती, ठेवते’ एवढंच बोलली तरी माझं भागेल. दाजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा धाकटा,
अवधूत

ता. क. वाल सोलून, वाळवून पाठवतो आहे. दाजींना फार देऊ नकोस.

ता. क. (दुसरा) मालिका सोडलेली नाही. राजनंदिनी सोमवारीच बरी झाली, पट्टी बांधून दार लाथेने उघडते आहे. पण तुझ्याशी खोटं बोलून पत्र बंद करवेना, आणि खरं काम वर लिहिलंच नाही, ते इथे लिहितो. मैथिली रागावली म्हणून बोलत नाही, असं मी म्हटलं. राग असेल तर फार बरं होईल ताई. त्या शनिवारी, वाडीची माणसं गेल्यावर, मी तिला फोन केला होता आणि तो तिने उचलला होता. मी एवढंच विचारलं, बाळा, तुला कुठे लागलंय का? ती लगेच ‘नाही’ असं म्हणाली नाही. हसलीही नाही. आधी म्हणाली, ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ मग ‘नाही’ म्हणाली, मग रागावली. राजनंदिनी असती तर तिने हे पकडलं असतं. मी अर्धा झोपेत होतो, पण मीही पकडलं. त्या दिवसापासून तिने व्हिडिओवर चेहरा दाखवलेला नाही. म्हणून तू एक कर. ती आली की सहज म्हणून तिला वरच्या फळीवरचा डबा काढायला सांग, आणि हात वर जातो का बघ. दोन्ही हात बघ. चालताना पाय बघ. तिला कळू देऊ नकोस, ती पोलीस आहे. आणि कालिंदीला ह्यातलं काही सांगू नकोस, ती उगाच काळजी करील. तिला वाटतं मी फक्त मालिकेमुळे हैराण आहे. हे पाकीट आता मी स्वतः चिकटवतो आणि

वन्सं, नमस्कार. पाकीट उघडंच राहिलं. हे ‘आणि’वर झोपले आहेत, पेन हातात आहे. पत्र मी शाळेत जाताना टाकते, पण आधी चार ओळी. ती मालिका रोज दुपारी मीच लावते. ती लागली की हे झोपतात. नाही लागली तर फोन मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसतात, ते मला बघवत नाही. मैथिलीचं मला ठाऊक आहे. मोटरसायकलवरून कुणाचा तरी पाठलाग करताना पडली, डाव्या हाताला टाके पडले. बाबांना सांगू नकोस म्हणाली, मी सांगितलं नाही. फार काही नाही, दोनच टाके आहेत, असं तीच म्हणते. व्हिडिओवर ती मलाही दिसलेली नाही. तर तुम्ही ह्यांनी सांगितलंय तसंच करा, डबा काढायला लावा. मग ह्यांना फोन करून सांगा की पोरगी ठणठणीत आहे, दोन्ही हातांनी जेवली म्हणा, काहीही म्हणा. आणि मला शाळेत मधल्या सुट्टीत फोन करून खरं काय ते सांगा.